अवेस्तेतला चंद्र: पूजा, प्रश्न आणि भरती-ओहोटी

झरथुष्ट्री लोक चंद्राची पूजा करत होते का, या प्रश्नाचं एक फार जुनं लेखी उत्तर एका ग्रीकानं दिलेलं आहे. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात हिरोडोटसनं लिहून ठेवलं की इराणी लोक सूर्य, चंद्र, पृथ्वी, अग्नी, पाणी आणि वारे यांना बळी देतात आणि हे ते पूर्वापार करत आले आहेत. त्याच्याच इतिहासात पुढे झर्क्सिसची स्वारी निघते, सूर्य झाकोळतो आणि मगी पुरोहित राजाची समजूत घालतात: सूर्य ग्रीकांना संकेत देतो, आपल्याला संकेत देतो तो चंद्र. बाहेरून पाहणाऱ्याला चंद्र हे इराणचं घरचं दैवत वाटत होतं, एवढं यावरून नक्की म्हणता येतं.

तेविसशे वर्षांनी हाच प्रश्न मुंबईत पेटला. १८३९ मध्ये दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पारशी समाज हादरला. १८४३ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सननं पारशी धर्मावर जाडजूड ग्रंथ लिहिला. ज्यांच्या प्रार्थनांत सूर्य, चंद्र, पाणी, अग्नी यांना नमन आहे ते एकेश्वरवादी कसले, असा त्याचा रोख होता. तोवर पारशी घरांत रात्री चंद्राकडे तोंड करून माह बोख्तार न्याएश म्हणणं ही साधी नित्याची गोष्ट होती. आता तिचा बचाव करण्याची वेळ आली. ‘चंद्रपूजा’ हा शब्द आरोप म्हणून वापरला जाऊ लागला तो इथे, आणि पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या अभ्यासावर या आरोपाची सावली आहे असं मला वाटतं. अभ्यासक चंद्राबद्दल लिहीत होते, पण मनात एकेश्वरवादाचा खटला चालू होता.

या खटल्यात सर्वांत मोठी साक्ष पुण्यातून झाली. मार्टिन हाउग हा जर्मन पंडित १८५९ मध्ये पूना कॉलेजात संस्कृत विभागाचा प्रमुख म्हणून आला. १८६२ मध्ये मुंबईत छापलेल्या निबंधांत त्यानं अवेस्तेचे, म्हणजे झरथुष्ट्री धर्मग्रंथांचे, भाषेवरून थर पाडले. गाथा सर्वांत जुन्या, त्या स्वतः झरथुष्ट्राच्या. यश्तं म्हणजे देवतांची स्तोत्रं आणि न्याएश म्हणजे नित्याच्या प्रार्थना, ही नंतरची. याचा अर्थ सुधारक पारशांनी आनंदानं घेतला. मूळ धर्म एका अहुर मझ्दाचा, आणि चंद्र, तारे, वारा हे सगळं मागाहून आलेल्या पुरोहितांचं. भाषेची ही विभागणी आजही पक्की आहे. हाउगच्या आधी सुरतेत मोबेदांकडून, म्हणजे पारशी पुरोहितांकडून, शिकून गेलेल्या आंकतिल द्यूपेरोंनं १७७१ मध्ये पॅरिसला अवेस्ता छापली तेव्हा असं काही कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पण भाषेच्या थरांवरून श्रद्धेचे थरही तसेच पडतात, हे गृहीत मात्र चंद्रापाशी येऊन अडखळतं. ते कसं, हे पाहायचं तर स्तोत्रच उघडावं लागतं.

माह यश्त हे यश्तांच्या क्रमातलं सातवं, आणि कडवीही सातच. मिथ्र किंवा अनाहिता यांच्या यश्तांपुढे ते अगदी लहान. त्यात रथ नाहीत, युद्धं नाहीत, वीरांनी मागितलेले वर नाहीत. बहुतेक मजकूर न्याएशमध्येही येतो. पाच न्याएशांपैकी हे तिसरं, सूर्य आणि मिथ्र यांच्यानंतरचं. आरंभी अहुर मझ्दाला नमन, अमेषा स्पेंतांना, म्हणजे पवित्र अमर शक्तींना, नमन, मग गायीचं बीज धारण करणाऱ्या चंद्राला नमन, आणि त्याच ओघात आणखी दोन नमनं: पाहणाऱ्याला आणि पाहिल्या गेलेल्याला. सारी मांडणी पाहण्यावर आधारलेली आहे. माणूस वर पाहतो, दिसलेल्याला नमस्कार करतो आणि मग विचारू लागतो.

विचारतो काय? चंद्र वाढतो कसा, ओसरतो कसा. उत्तर त्याला ठाऊक आहे: पंधरा दिवस वाढ, पंधरा दिवस ओसर, दोन्ही सारखी. आणि इथेच गाथांमधला एक प्रश्न उचलून स्तोत्रात बसवलेला आहे. यस्नाच्या चव्वेचाळिसाव्या प्रकरणात झरथुष्ट्र अहुर मझ्दाला एकामागून एक प्रश्न विचारतो. सूर्याला आणि ताऱ्यांना वाट कुणी आखून दिली, चंद्राची वाढ-घट कुणामुळे होते, तुझ्यावाचून दुसरं कोण, असा त्यांचा सूर आहे. ही ओळ माह यश्तात जशीच्या तशी येते. म्हणजे ज्याला ‘नंतरची चंद्रपूजा’ म्हणून बाजूला काढायचं, त्याच्या गाभ्यात गाथांचा प्रश्न आहे, आणि तो प्रश्न चंद्राला विचारलेला नसून चंद्र घडवणाऱ्याला विचारलेला आहे. उलट बाजूही तितकीच खरी. यश्तात चंद्रासाठी वापरलेलं क्रियापद आपल्या ‘यज्’ धातूचंच भावंड आहे. होम, दूध, बरेस्म म्हणजे काड्यांची जुडी यांसह त्याचं यजन करतो असं स्तोत्र स्वच्छ सांगतं. त्याला नुसता आदर म्हणून मोकळं होता येत नाही. माझं मत असं की विल्सन आणि त्याला उत्तर देणारे या दोघांनीही पूजा की प्रश्न अशी निवड करायला लावली, आणि ही निवड स्तोत्रकर्त्यापुढे नव्हतीच. त्यानं दोन्ही एका श्वासात म्हटलं.

चंद्र वाढतो तेव्हा काय घडतं, हे पुढच्या कडव्यांत आहे आणि तो भाग मला सगळ्यांत समृद्ध वाटतो. चंद्राचा प्रकाश पसरू लागला की अमेषा स्पेंता उभे राहतात, ते तेज हाती धरतात आणि मझ्दानं निर्मिलेल्या पृथ्वीवर वाटून देतात. चंद्राच्या उबेनं वसंतात जमिनीतून हिरवे कोंब वर येतात. चांदणं शीतळ असतं हे आपल्या कवितेनं आपल्या अंगी इतकं मुरवलंय की ऊब देणारा चंद्र वाचताना क्षणभर थांबावं लागतं. पण बर्फाळ हिवाळ्याच्या, उंच पठारांच्या मुलखात वाढत्या चंद्राच्या रात्री आणि कोंब फुटण्याचे दिवस एकत्र आठवणारी माणसं होती, आणि त्यांनी तसं म्हटलं. पुढे चंद्राच्या विशेषणांची रांग लागते: वाटप करणारा, तेजाळ, जळ असलेला, ऊब असलेला, भरभराटीचा, हिरवळ देणारा, रोग बरे करणारा. न्याएशच्या शेवटी मागणं येतं ते बळाचं, विजयाचं, गुरांच्या समृद्धीचं आणि शूर संततीचं. संपत्ती म्हणजे गोधन मानणाऱ्या माणसाचं मागणं.

चंद्रात गायीचं बीज कसं आलं याची कथा स्तोत्रात नाही. ती पुढच्या काळात पहलवी भाषेत लिहिलेल्या बुंदहिश्न या ग्रंथात आहे. मझ्दानं आरंभी एकच बैल निर्माण केला. दुष्ट आत्म्याचा हल्ला झाला तेव्हा तो मेला. त्याच्या अवयवांतून पंचावन्न प्रकारची धान्यं आणि बारा प्रकारच्या औषधी वनस्पती उगवल्या. त्याचं बीज चंद्राकडे नेलं गेलं, तिथे ते शुद्ध झालं, आणि त्यातून आधी बैल-गायीची जोडी आणि मग सगळ्या जातींची उपयोगी जनावरं पृथ्वीवर आली. कथा मागाहून लिहिली गेली असली तरी कल्पना जुनी आहे, कारण महिन्याच्या तीस दिवसांच्या देवता सांगणाऱ्या सिरोझा या अवेस्ती पाठात बाराव्या दिवशी चंद्राबरोबर एकट्यानं निर्माण झालेल्या बैलाचंही नाव घेतात. या चित्रात चंद्र कुणावर राज्य करत नाही. मृत्यूनं हल्ला केल्यावर जे वाचलं ते सांभाळून, स्वच्छ करून परत देणारं ठिकाण म्हणजे चंद्र. झरथुष्ट्री विचारात मरणाची आणि किडण्याची भीती किती खोल आहे हे ज्यांना माहीत आहे, त्यांना ही कामगिरी केवढी मोठी ते कळेल. जगातल्या चंद्रदेवतांत प्रेमाचे, वेडाचे, शिकारीचे, काळाचे देव पुष्कळ आहेत. कोठाराची राखण करणारा असा चंद्र मला दुसरीकडे आढळलेला नाही.

इथे आपल्याकडच्या चंद्राशी तुलना आपसूक होते. ऋग्वेद आणि अवेस्ता यांची भाषा सख्ख्या बहिणींची, कितीतरी देव सामाईक. तरीही ऋग्वेदात चंद्राला वाहिलेलं स्वतंत्र सूक्त नाही. पुरुषसूक्तात तो विराट पुरुषाच्या मनातून जन्मतो. दहाव्या मंडलातल्या विवाहसूक्तात सोम आणि चंद्र एकमेकांत मिसळू लागतात, आणि पुढे वनस्पतींचा पोशिंदा, औषधींचा स्वामी ही पदवी सोम-चंद्राला मिळते. वनस्पतींशी नातं दोन्हीकडे आहे. गुरांशी नातं इराणी चंद्राचं खास. यज्ञात मात्र आपल्याकडे चंद्राचं राज्य आहे: दर्श, पूर्णमास, अष्टका. माह यश्तही चंद्राच्या तीन वेळांना नावानं आळवतं, अंतरमाह, पूर्णमाह आणि वीषप्तथ. पहिल्या दोन स्पष्ट आहेत, कोवळी कोर आणि पूर्ण बिंब. तिसरीबद्दल वाद आहे. पारंपरिक हिशोबात कोर म्हणजे पहिले पाच दिवस, पूर्णमाह म्हणजे दहा ते पंधरा, वीषप्तथ म्हणजे वीस ते पंचवीस. काही अभ्यासक तिचा संबंध अर्ध्या चंद्राशी लावतात. अष्टकेशी असलेलं साम्य लक्षात घेता मला हा दुसरा कल जवळचा वाटतो.

आणखी एक उलटसुलट गोष्ट. आपण तिथी सोडली नाही. संकष्टीला चंद्र उगवल्याशिवाय घास घेत नाही, कोजागरीला दुधात त्याचं प्रतिबिंब पाहतो, पंचांग त्याच्या पावलानं चालवतो, पण वेदांत त्याचं सूक्त नाही. झरथुष्ट्र्यांनी तीस-तीस दिवसांचे बारा महिने आणि शेवटी पाच गाथा-दिवस असं ३६५ दिवसांचं वर्ष स्वीकारलं आणि चंद्राला कालगणनेतून पूर्णपणे बाहेर काढलं, पण त्याचं स्तोत्र जपलं. दिवस मोजण्याचा उपयोग संपल्यावरही हे स्तोत्र टिकलं, यावरून त्याची मुळं पंचांगाखेरीज दुसरीकडे, म्हणजे गोठ्यात आणि कुरणात, होती असं मला वाटतं.

चंद्राचं स्थान विश्वरचनेतही ठरलेलं होतं. आपण चंद्र सर्वांत जवळचा मानतो. अवेस्तेत तारे सर्वांत खाली, त्यांच्या वर चंद्र, त्याच्या वर सूर्य आणि शेवटी अनंत प्रकाश. मृत्यूनंतर सदाचारी आत्मा याच पायऱ्यांनी चढतो: ताऱ्यांपाशी सुविचार, चंद्रापाशी सुवचन, सूर्यापाशी सुकृत्य. अर्दा विराझच्या स्वर्ग-नरकाच्या प्रवासवर्णनात चंद्राच्या पायरीवर सुवचनी लोक भेटतात.

आता समुद्राकडे. माह यश्तात भरती-ओहोटीचा उल्लेख नाही, आणि असण्याचं कारणही नाही. हे स्तोत्र समुद्रापासून दूरच्या, गुरं राखणाऱ्या लोकांचं. पण बुंदहिश्नमध्ये तो आहे, आणि आरे-वारेच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला त्यावरून झटकन पुढे जाता येत नाही.

रत्नागिरीहून शिरगाव, बसणी करत गणपतीपुळ्याकडे जाणारा सागरी रस्ता आरे-वारेला डोंगराच्या कडेनं वर चढतो. तिथून दोन्ही पुळणी दिसतात, मधे डोंगराचं नाक, काठाला सुरूचं बन. या किनाऱ्याला पश्चिमेचं तोंड आहे, म्हणून अमावास्येनंतरची पहिली कोर दिसते ती मावळतीच्या उजेडात पाण्यावर. पौर्णिमेचा चंद्र मागच्या डोंगराआडून वर येतो आणि पहाटे समुद्रात उतरतो. इथे चंद्र पाण्यावर काय करतो ते पुस्तकात वाचावं लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, पाणी पुळणीवर खूप वर चढतं आणि ओहोटीला तितकंच लांब मागे जातं, खडक उघडे पडतात, आणि कालवं काढायला बाया कोयता घेऊन उतरतात त्या याच वेळी. अष्टमीच्या आसपास भांग; भरती अर्ध्यावर थकते आणि ओहोटीही फार आत जात नाही. रापण कधी टाकायची, होडी खाडीतून केव्हा बाहेर काढायची, सगळं या हिशोबावर. त्याचा ठोकताळा किनाऱ्यावर सगळ्यांना पाठ असतो: तिथीची पाऊणपट करा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. जागेप्रमाणे आणि वाऱ्याप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, पण चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो हे सारं गणित त्या पाऊणपटीत सामावलं आहे.

बुंदहिश्न सांगतं: पूतीक नावाच्या समुद्राला भरती-ओहोटी आहे आणि तिचा संबंध चंद्राशी आणि वाऱ्याशी आहे. चंद्राच्या समोर सतत दोन वारे वाहतात, एक वर ओढणारा, एक खाली ओढणारा. वरचा वाहिला की भरती, खालचा वाहिला की ओहोटी. बाकीच्या समुद्रांत चंद्राच्या फेऱ्याचा असा परिणाम नाही, म्हणून तिथे भरती-ओहोटी नाही. पूतीक म्हणजे इराणी आखाताची बाजू असं अभ्यासक मानतात. दुसऱ्या समुद्रांना भरती नसल्याचं विधान चूक वाटतं, पण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कास्पियन असेल तर ते निरीक्षण बरोबर आहे. कास्पियनला जाणवण्याजोगी भरती नाही. दोन वाऱ्यांची कल्पना टिकली नाही, १६८७ मध्ये न्यूटननं गुरुत्वाकर्षणानं हा उलगडा केला. पण पाण्याची वाढ-घट चंद्राच्या फेऱ्याला बांधलेली आहे, हे त्यात ठाम आहे. अवेस्तेतल्या वेंदिदाद या भागात याच पूइतिक समुद्राचं काम सांगितलेलं आहे: मलिन झालेलं पाणी तिथे येतं, शुद्ध होतं आणि मग वोउरुकष या महासागराकडे परत जातं. आता चंद्रातल्या बीजाची कथा याच्या शेजारी ठेवून पाहावी. बीज येतं, शुद्ध होतं, परत जातं. पाणी येतं, शुद्ध होतं, परत जातं. पुराणकथेत आणि समुद्राच्या वर्णनात एकच रचना आहे, आणि दोन्हीकडे चंद्र हजर आहे. चंद्राच्या वाढण्या-ओसरण्यावर माह यश्तानं एवढा भर का दिला, याचं मला पटलेलं स्पष्टीकरण हेच. जे ओसरतं ते नासत नाही, स्वच्छ होऊन भरतं, ही खात्री त्या पंधरा-पंधरा दिवसांच्या मोजणीत आहे. भरतीचं निरीक्षण बहुधा सासानी काळातल्या आखाती बंदरांवरून या विचारात आलं असावं.

ग्रहणाबद्दलही थोडं. पहलवी ज्योतिषात चंद्राला ग्रासणाऱ्या आकाशीय सर्पाचं नाव गोझिहर. आपल्या राहू-केतूंचा तो नातलग. नवल असं की हे नाव ‘गओचिथ्र’ म्हणजे गोबीज या चंद्राच्याच विशेषणातून आलेलं आहे. पोषणाची पदवी गिळणाऱ्याला कशी चिकटली, हे अजून नीट सुटलेलं नाही.

रत्नागिरीचा या सगळ्याशी आणखी एक धागा आहे तो लोकमान्य टिळकांचा. १८५६ मध्ये रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी १९०३ मध्ये ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ प्रसिद्ध केलं. वेदांइतकीच त्यांची भिस्त अवेस्तेवर होती. यिमा या पुराणकथेतल्या राजानं जीवघेण्या हिवाळ्यापासून वाचण्यासाठी बांधलेल्या ‘वर’मध्ये, म्हणजे बंदिस्त वस्तीत, तारे, चंद्र आणि सूर्य वर्षातून एकदाच उगवताना-मावळताना दिसतात आणि वर्ष एका दिवसासारखं जातं, असं वेंदिदाद सांगतं. टिळकांना हा ध्रुवप्रदेशातल्या वास्तव्याचा ढळढळीत पुरावा वाटला. सूर्यापुरतं ते जुळतंही. चंद्राची गोष्ट वेगळी: ध्रुवावर चंद्र महिन्यातून एकदा उगवतो, सुमारे पंधरवडाभर क्षितिजावर फिरतो आणि पंधरवडाभर दिसत नाही, तारे तर उगवतही नाहीत, मावळतही नाहीत. त्यामुळे ते वाक्य जसंच्या तसं आकाशाचं टिपण मानता येत नाही. टिळकांचा सिद्धांत आज कुणी स्वीकारत नाही. पण वेद आणि अवेस्ता एकमेकांच्या मदतीनं वाचायचे, ही सवय मराठी वाचकाला लागली त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

भारतात हे वाचन हाउग आणि टिळक यांच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. नेर्योसंग धवल या मोबेदानं मध्ययुगात यस्नाचं संस्कृतात भाषांतर केलं. खोर्दे अवेस्तेच्या, म्हणजे ज्यात न्याएश येतात त्या नित्यप्रार्थनांच्या, संस्कृत अनुवादाची परंपराही पारशांत होती, आणि १९०६ पासून शेरियारजी दादाभाई भरुचा यांनी ते संस्कृत लेखन छापून काढलं. नंतर जिवनजी जमशेदजी मोदी यांचा पारशांच्या विधींवरचा १९२२ चा ग्रंथ आला. मुंबईच्या या विद्वान मोबेदानं युरोपीय पद्धतीनं, पण आतल्या माणसाच्या माहितीनं लिहिलं. सूर्य आणि मिथ्राचं न्याएश दिवसा रोज, चंद्राचं रात्री आणि महिन्यातून किमान तीनदा, ही रीत तिथे नोंदलेली आहे. एकोणिसाव्या शतकातला जो वाद पानंच्या पानं लिहूनही सुटला नाही तो मोदींच्या या कोरड्या नोंदीत बराच सुटतो, कारण प्रार्थना कोण, केव्हा, कुठे म्हणतो हे कळलं की तिच्यावर फार मोठे सिद्धांत लादता येत नाहीत. विसाव्या शतकात मेरी बॉइस यांनीही गाथा आणि यश्तं यांच्यात तुटलेपणापेक्षा सातत्य आहे असाच आग्रह धरला. आता अवेस्तेची हस्तलिखितं सुटीसुटी पुस्तकं म्हणून न पाहता विधींची संहिता म्हणून वाचली जात आहेत, आणि त्या वाटेनं लहान यश्तांकडे पुन्हा लक्ष जाईल अशी आशा आहे.

नाण्यांवरचा चंद्र हा वेगळा आणि फसवा विषय. कनिष्काच्या सुरुवातीच्या नाण्यांवर खांद्यामागे कोर असलेला पुरुष आहे आणि अक्षरं ग्रीक, ‘सालेने’, म्हणजे खरं तर चंद्रदेवीचं नाव. पुढे तोच पुरुष, पण नाव ‘माओ’. इथे इराणी चंद्रदेव निर्विवाद आहे. सासानी राजांच्या मुकुटांवरच्या कोरीबद्दलही बोलता येतं. पण तीन कमानींच्या टेकडीवर कोर ही खूण आपल्याकडे सातवाहनांच्या आणि पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांवरही आहे, आणि गधेगाळांवर, दानपत्रांवर सूर्य-चंद्र कोरले आहेत ते आचंद्रार्क टिको म्हणून. प्रत्येक कोर माह नव्हे, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

कोकणातला खात्रीचा पुरावा कान्हेरीला आहे. मुंबईजवळच्या या बौद्ध लेण्यांत १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या झरथुष्ट्री प्रवाशांनी पहलवी लिपीत आपली नावं कोरून ठेवली. यझ्दगर्दी सन, महिना, रोज म्हणजे दिवस आणि मग कोण कुणाचा मुलगा. त्या नावांत माह-अय्यार आहे, ज्याचा साहाय्यकर्ता चंद्र तो. एक माह-अय्यार मित्र-अय्याराचा मुलगा, आणि याच नावाच्या माणसाची मुलंही बरोबर आलेली. शिलाहारांच्या काळातल्या उत्तर कोकणात, बौद्ध भिक्षूंनी खोदलेल्या भिंतीवर, चंद्राच्या भरवशावर मुलाचं नाव ठेवणाऱ्या कुटुंबाची सही आहे. तेच नाव आज महियार म्हणून पारशी घरांत ऐकू येतं. चंद्रपूजा होती की नव्हती, या वादात मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो. देव की निर्मिती, याचा निवाडा नाव ठेवणारे आई-बाप करत नाहीत. रात्रीच्या वेळी कुणाच्या राखणीत मूल सोपवावंसं वाटतं, तेवढं ते सांगतात.

आजची स्थिती पाहू. २०११ च्या जनगणनेत भारतातले पारशी ५७,२६४ होते, त्यातले बरेच मुंबईत. महिन्यात चार रोज अणरोजा पाळायचे, त्या दिवशी मांसाहार नाही: बहमन, मोहोर, गोश आणि राम. मोहोर म्हणजे माह, बारावा रोज. बहमन हा पशुसृष्टीचा अमेषा स्पेंता, गोश हा गायीचा आत्मा. म्हणजे स्तोत्रातलं गायीशी असलेलं नातं ताटापर्यंत पोचलेलं आहे. कित्येक घरांत बहमन महिनाभर मांस वर्ज्य असतं. शहेनशाही गणनेनं तो सध्या जूनच्या मध्याला सुरू होतो. कदमी आणि फसली पंचांगांत तो वेगळ्या वेळी येतो, कारण १७४५ मध्ये सुरतेत उघडपणे फुटलेला पंचांगाचा वाद आजही मिटलेला नाही.

या वादाचा माह न्याएशला काही त्रास होत नाही, हे मात्र लक्षात घेण्यासारखं आहे. मोहोर रोज हा नावानं चंद्राचा दिवस, पण त्याचा आकाशातल्या चंद्राशी मेळ नाही. पारशी वर्ष ३६५ दिवसांचं, बारा चांद्रमास सुमारे ३५४ दिवसांचे. त्यामुळे एखाद्या वर्षी मोहोर रोज पौर्णिमेला आला तर पुढच्या वर्षी त्याच महिन्यातला मोहोर रोज पौर्णिमेपासून अकराएक दिवसांनी हटतो. कधी तो ऐन अमावास्येलाही पडतो, आणि अणरोजा तेव्हाही पाळतात. न्याएश म्हणायचं ते मात्र कोर उगवल्यावर आणि बिंब भरल्यावर. एकाच समाजात चंद्राचे असे दोन दिवस शेजारी-शेजारी चालतात, एक पंचांगातला आणि एक आकाशातला, आणि दुसरा ठरवायला शहेनशाही, कदमी, फसली असा कुणालाही बाहेर येऊन वर पाहावं लागतं.